नळीभोवतीचे जास्तीचे दोन इंच

अमेरिकेत एआर-१५ घराण्यातली कार्बाईन सुटे भाग घेऊन आपल्या मनासारखी जुळवणारे नेमबाज असंख्य आहेत. नळी कोणती, दस्ता कोणता, दुर्बीण कोणती यावर ते महिनोन् महिने विचार करतात. हँडगार्डची, म्हणजे नळीभोवतीच्या त्या लांबट जाळीदार कवचाची लांबी मात्र बहुतेक वेळा नुसत्या नजरेने ठरते. ९ इंची, १३ इंची, १५ इंची रेल (आजच्या हँडगार्डना हेच नाव आहे) दुकानात शेजारीशेजारी टांगलेल्या असतात. किमतीत मोठा फरक नसतो, वजनात त्याहून कमी. मग जी दिसायला रुबाबदार ती उचलली जाते आणि ती बहुधा सर्वांत लांब असते. माझे मत असे की हा निर्णय नळीच्या तोंडाकडून मागे न येता डाव्या हाताच्या तळव्यापासून पुढे जायला हवा. कार्बाईन मुद्दाम हलकी ठेवली असेल तर हे दुप्पट खरे.

युजीन स्टोनर यांनी १९५० च्या दशकात आर्मालाइट कंपनीत या रायफलीची मूळ रचना केली, तेव्हा हँडगार्डला एकच काम होते, तापलेल्या नळीपासून हात वाचवणे. त्याची लांबी किती ठेवायची हा प्रश्नच नव्हता. ती गॅसच्या छिद्राने ठरत असे. या रायफलीत गोळी नळीतून पुढे जाताना तिच्या मागचा थोडा गॅस एका बारीक छिद्रातून वर निघतो, एका पातळ नळकांडीतून मागे येतो आणि बोल्ट मागे ढकलतो. त्यातून रिकामे काडतूस बाहेर पडते आणि नवे आत जाते. छिद्रावर पुढच्या माशीचा, म्हणजे नेम धरायच्या खुंटीचा, ठोकळा बसलेला असे आणि हँडगार्ड रिसीव्हरपासून, म्हणजे यंत्रणेच्या पेटीपासून, त्या ठोकळ्यापर्यंत पुरे. तिच्या लष्करी रूपावर, वीस इंची नळीच्या एम१६ वर, तो सुमारे १२ इंच होता. पुढे छोट्या कार्बाईनवर तो सुमारे ७ इंच झाला आणि त्यानंतर आलेल्या मधल्या लांबीच्या गॅस रचनेत सुमारे ९ इंच. आजही या तीन मापांना रायफल, कार्बाईन आणि मिड-लेंग्थ अशीच नावे आहेत.

लांबी आणि छिद्र यांचे हे नाते तोडायला गेले की काय होते, याचे उदाहरण फार जुने आहे. १९६० च्या दशकात कोल्ट कंपनीने एम१६ ची नळी १५ इंचांपर्यंत कापून ‘मॉडेल ६०५’ नावाची कार्बाईन केली. हँडगार्ड आणि गॅसचे छिद्र पूर्वीच्याच जागी ठेवले. लांब हँडगार्डची ती कार्बाईन दिसायला सुबक होती, पण छिद्रापुढे नळी फारच थोडी उरली. गोळी छिद्र ओलांडून लगेच बाहेर पडायची, गॅसला पुरेसा वेळ मिळायचा नाही आणि यंत्रणा अडखळायची. पुढच्या आखूड मॉडेलांत कोल्टने छिद्रच मागे आणले आणि हँडगार्डही छोटा केला. तोच वारसा १९९४ साली स्वीकारल्या गेलेल्या १४.५ इंची नळीच्या एम४ कार्बाईनपर्यंत आला. तिच्या हँडगार्डची लांबी ७ इंच.

हात ठेवायला ७ इंच पुरतात. अडचण सुरू झाली ती हाताच्या शेजारी इतर वस्तू येऊन बसल्या तेव्हा. फेब्रुवारी १९९५ मध्ये अमेरिकी लष्कराने न्यू जर्सीतल्या पिकॅटिनी आर्सेनलच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दातेरी पट्टीचे प्रमाण ठरवले, एमआयएल-एसटीडी-१९१३. दात्यांमधले अंतर ठरले, खाचेची रुंदी ठरली, आणि एका कारखान्यातला दिवा दुसऱ्या कारखान्याच्या रायफलीवर बिनदिक्कत बसू लागला. नाइट्स आर्मामेंट कंपनीने एम४ साठी चारही बाजूंना अशा पट्ट्या असलेला हँडगार्ड दिला. मग त्यावर टॉर्च आली, रात्री अदृश्य किरणांनी नेम दाखवणारा लेझर आला, त्याची वायर आणि बटण आले, उभी मूठ आली. ७ इंचांत एवढा संसार मांडल्यावर सैनिकाला स्वतःचा पंजा ठेवायला जागा उरेना. लांब रेलची खरी सुरुवात या गर्दीतून झाली.

त्याच वेळी दुसरी एक गरज पुढे आली. जुना हँडगार्ड मागे रिसीव्हरला आणि पुढे नळीवरच्या टोपीला असा दोन्ही टोकांनी टेकलेला असतो. पट्टा ताणला, दुपाय जमिनीत रोवला, रायफल भिंतीच्या कडेवर दाबून धरली, की तो दाब थेट नळीवर जातो आणि गोळी नेमापासून सरकते. उपाय म्हणजे हँडगार्ड फक्त मागच्या टोकाला घट्ट बसवायचा आणि पुढे नळीला कुठेही शिवू द्यायचा नाही. याला फ्री-फ्लोट म्हणतात. कोल्हापुरात नेमबाजी शिकणाऱ्या मुलामुलींना यात नवे काही वाटणार नाही. ऑलिंपिक प्रकारच्या स्मॉलबोअर रायफलीची नळीही दस्त्याला न टेकता मोकळी असते, आणि खालच्या रेलवरचा हँडस्टॉप आपल्या हाताला जमेल तिथे सरकवण्यात नेमबाज तासन् तास घालवतात. स्वप्नील कुसाळे याने २०२४ साली पॅरिसमध्ये कांस्यपदक मिळवले त्या ५० मीटर थ्री पोझिशन प्रकारात तर गुडघ्यावर, पोटावर आणि उभ्याने असे तीन पवित्रे घ्यावे लागतात आणि त्यांबरोबर पुढच्या हाताची जागाही बदलते. रेल आधी आणि हात नंतर असा विचार तिथे कोणी करत नाही.

फ्री-फ्लोट झाल्यावर हँडगार्डचे पुढचे टोक कुठेही संपवता येऊ लागले. गॅसचा ठोकळा लहान आणि बसका केला की रेल त्याच्यावरून पुढे जाते. अमेरिकेच्या विशेष दलांसाठी डॅनिअल डिफेन्स कंपनीला २००५ साली आरआयएस-२ रेलचे कंत्राट मिळाले. १४.५ इंची नळीच्या एम४ए१ साठी ती १२.२५ इंचांची आणि १०.३ इंची नळीच्या एमके१८ साठी ९.५ इंचांची होती. नंतरच्या यूआरजी-आय संचात गायझली कंपनीची सुमारे १३ इंचांची सडपातळ रेल आली आणि तिच्याखाली मिड-लेंग्थ गॅसची १४.५ इंची नळी. या आकड्यांतून एक ढब तयार झाली. नळीच्या तोंडाला इंच-दोन इंच शिल्लक ठेवून बाकी सगळी नळी रेलखाली झाकायची.

नागरिकांनी हीच ढब उचलली, फक्त त्यांची नळी वेगळी होती. अमेरिकेत १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स ॲक्टनुसार १६ इंचांपेक्षा आखूड नळीच्या रायफलीची वेगळी नोंदणी लागते, म्हणून बाजारातली साधी कार्बाईन १६ इंची. १६ मधून एक वजा केला की १५. पंधरा इंची रेलमागचे गणित अनेकदा एवढेच असते. विशेष दलाच्या सैनिकाकडे लांब रेलचे कारण होते, रेलवर चिकटलेला रात्रीचा संसार. शनिवारी सकाळी मैदानावर जाणाऱ्या माणसाच्या रायफलीवर बहुधा एक छोटी टॉर्च असते, पुष्कळदा तीही नसते.

आता वजनाकडे येऊ. सडपातळ ॲल्युमिनियम रेलमध्ये जास्तीचे दोन इंच म्हणजे साधारण ३० ते ४० ग्रॅम. तराजूवर हा फरक कोणालाही जाणवणार नाही. पण रायफल तराजूवर ठेवून वापरायची नसते. भरलेली कळशी अंगाशी धरली तर पेलते, हात लांब करून धरली तर मिनिटभरात खांदा भरून येतो. पाणी तेवढेच असते, अंतर वाढलेले असते. रायफलीची मागची मूठ आणि रेलची सुरुवात यांत सुमारे ८ इंच अंतर धरा. टॉर्च रेलवर ७ इंचांवर लावली तर ती मुठीपासून १५ इंचांवर येते. १३ इंचांवर लावली तर २१ इंचांवर. तिचा खाली ओढणारा जोर १.४ पट होतो. रायफल एका लक्ष्यावरून दुसऱ्याकडे वळवून थांबवताना लागणारा जोर अंतराच्या वर्गाने वाढतो, म्हणजे तिथे तीच टॉर्च जवळजवळ दुप्पट जड वागते. लांब रेलचे खरे ओझे तिच्या धातूत फारसे नाही. रेल लांब असली की माणूस वस्तू टोकाला नेऊन लावतो, ओझे तिथे तयार होते.

हलकी कार्बाईन बनवणाऱ्याला हे सर्वाधिक लागू पडते, कारण त्याने मुळात पैसे खर्च केले आहेत ते पुढचे टोक हलके करायला. बारीक नळी, जिला पेन्सिल बॅरल म्हणतात, ती सुरुवातीच्या एम१६ च्या नळीसारखी असते, हँडगार्डखाली साधारण १६ मिलिमीटर जाडीची. १९८० च्या दशकात एम१६ए२ आली तेव्हा नळीचा पुढचा भाग जाड केला गेला आणि रायफल पुढून जड झाली. तीच ठेवण एम४ मध्ये उतरली. आजचा हौशी माणूस ती जाडी काढून टाकण्यासाठी पेन्सिल नळी घेतो, दीड-दोनशे ग्रॅम वाचवतो, आणि मग १५ इंची रेलच्या अगदी टोकाला टॉर्च, तिचा जोड आणि पट्ट्याची कडी लावून वाचवलेले सगळे परत करतो, तेही जिथे सर्वांत महाग पडते तिथे. मला हे पाहून खरोखर वाईट वाटते, कारण ती हलकी नळी हातात घेतल्यावर जो चपळपणा जाणवायचा, तो त्या माणसाला कधी कळतच नाही.

वजनानंतर ताठपणा. फ्री-फ्लोट रेल एका टोकाला रोवलेली आणि दुसरीकडे मोकळी असते. अभियंते अशा रचनेला कॅन्टिलिव्हर म्हणतात, आणि तिचा नियम कठोर आहे. टोकावर तेवढाच दाब दिला तर वाकणे लांबीच्या घनाने वाढते. छेद आणि धातू तोच ठेवून ९ इंचांची रेल १३ इंचांची केली तर टोक तिप्पट वाकते. १३ ची १५ केली तर आणखी दीडपट. मोकळेपणी हातात धरलेल्या रायफलीत हे वाकणे डोळ्यांना दिसत नाही आणि ज्याचा नेम रिसीव्हरवरच्या दुर्बिणीने धरला जातो त्याला त्याची पर्वाही नको. नळी आणि दुर्बीण रिसीव्हरला बांधलेल्या आहेत, रेल वाकली तरी त्यांचे नाते बिघडत नाही. पण रेलवर लेझर असेल किंवा पुढची घडीची माशी असेल, तर रेलचे वाकणे म्हणजे थेट नेमाचे सरकणे. विशेष दलांच्या रेल जाड आणि जड का असतात आणि त्यांचा नळीच्या नटावरचा जोड एवढा लांब आणि घट्ट का असतो, याचे उत्तर इथे आहे. लांब रेल घ्यायची तर तिचा जोड आधी बघावा. दोन बारीक स्क्रूंवर तोललेली, अतिशय हलकी, लांब रेल ही माझ्या मते सगळ्या पर्यायांत सर्वांत वाईट.

वस्तू रेलला कशा जोडतात, यातही गेल्या काही वर्षांत बरेच घडले. चारही बाजूंना दाते कोरलेल्या रेल जड होत्या आणि हाताला टोचायच्या. २०१२ साली कीमॉड आली, कुलुपाच्या किल्लीसारख्या आकाराची छिद्रे असलेली. २०१४ साली मॅगपुल कंपनीने एम-लॉक आणले, साध्या लांबट खाचांचे. अमेरिकी विशेष दलांसाठी इंडियानातल्या क्रेन इथल्या नौदल केंद्राने दोन्हींची परीक्षा घेतली. वस्तू काढून पुन्हा बसवल्यावर नेम सरासरी किती सरकतो, यात एम-लॉक १.३ मिनिटांवर राहिले आणि कीमॉड ४.९ मिनिटांवर गेले. हे मिनिट कोनाचे. शंभर मीटरवर एका मिनिटाचे सुमारे २.९ सेंटिमीटर होतात, म्हणजे पहिल्यात जेमतेम ४ सेंटिमीटरांचा फरक आणि दुसऱ्यात १४ सेंटिमीटरांचा. २०१७ मध्ये हे निष्कर्ष जाहीर झाल्यावर कीमॉड मागे पडले. लांबी निवडणाऱ्याच्या दृष्टीने याचा फायदा असा की आता लांब रेल म्हणजे आपोआप जड रेल राहिली नाही. दाते गरजेपुरतेच, हवे तिथे लावता येतात.

मग हात. पूर्वी सैनिक मॅगझिनच्या खोबणीशी किंवा आखूड हँडगार्डच्या मध्यावर हात ठेवून कोपर दुमडून रायफल धरत. थ्री-गनसारख्या वेगवान स्पर्धांमधून दुसरी पद्धत रूढ झाली. हात बराच पुढे, अंगठा रेलच्या वर किंवा बाजूने पुढे रोखलेला, कोपर जवळजवळ सरळ. नळीचे टोक या पद्धतीत पटकन वळते आणि नेमके थांबते, गोळी सुटल्यावर उसळतेही कमी. तोटा हा की हात लवकर दमतो. दहा मिनिटे रायफल खांद्याला लावून ठेवावी लागली, तर सगळ्यांचाच हात आपोआप मागे येतो. म्हणून रेल अशी हवी की हात दोन्ही ठिकाणी आरामात बसेल.

ही जागा शोधायला फार काही लागत नाही. रायफल रिकामी आहे, चेंबरमध्ये आणि मॅगझिनमध्ये काडतूस नाही, हे डोळ्यांनी आणि बोटाने दोनदा तपासावे, सुरक्षित दिशा निवडावी, डोळे मिटून रायफल खांद्याला लावावी आणि हात जिथे पडतो तिथे पंजाच्या पुढच्या कडेला चिकटपट्टीची खूण करावी. थोड्या वेळाने दमलेल्या हाताने पुन्हा तेच करावे. मध्यम उंचीच्या माणसाच्या पंजाची मागची कड रेलवर ६-७ इंचांवर आली असे धरू. पंजाचे ४ इंच मिळवले की १० ते ११. त्यापुढे टॉर्चच्या जोडासाठी आणि बोटे घसरू नयेत म्हणून २ इंच. बेरीज १३ च्या आसपास येते. १६ इंची नळीच्या हलक्या कार्बाईनला मी १३ इंच सुचवतो तो या बेरजेमुळे. हात लहान असेल, दस्ता आखूड केलेला असेल, टॉर्च लावायचीच नसेल, तर ही बेरीज १० किंवा ११ वर येते आणि तेवढीच रेल घ्यावी. मिड-लेंग्थ गॅसचा ठोकळा सुमारे ९ इंचांवर असतो. १० इंची रेल त्याला झाकते, आणि तो ठोकळा फार तापतो म्हणून हात त्याच्या उघड्या कडेला लागू नये, एवढी लांबी तरी हवीच.

पंधरा इंची रेल १६ इंची नळीवर बसते का, हेही मोजून पाहण्यासारखे आहे. नळीची लांबी बंद बोल्टच्या तोंडापासून मोजतात, त्यामुळे अर्ध्या इंचाहून थोडा जास्त भाग रिसीव्हरच्या आतच राहतो. पुढच्या टोकाचा सुमारे अर्धा इंच आट्यांचा असतो. म्हणजे १५ इंची रेल आटे सुरू होतात तिथपर्यंत जवळजवळ पोहोचते. फ्लॅश हायडर घट्ट करायला पाना घालायचा तर जागा मिळत नाही. सायलेंसर, म्हणजे सप्रेसर, लावायचा तर तो बहुधा दीड इंच व्यासाचा असतो आणि सडपातळ रेलच्या आत शिरत नाही. शिरला तरी त्याची उष्णता थेट रेलला आणि रेलकडून हाताला मिळते. १३ इंची रेलवर हे प्रश्न येत नाहीत. तिथे नळीचे दोनेक इंच उघडे राहतात. टॉर्च मात्र फार मागे नको, कारण नळीचीच सावली उजेडात पडते, आणि फार पुढेही नको, कारण तोंडाशी उडणारी काजळी काचेवर बसते.

आखूड नळीच्या कार्बाईनमध्ये हे सारे उलटे होते. १०.३ इंची नळीवर रेल जेवढी लांब मिळेल तेवढी घ्यावी, कारण तिथे प्रश्न हाताच्या सुरक्षिततेचा आहे. बोटे नळीच्या तोंडापुढे जाता कामा नयेत. रेलच्या टोकाला हँडस्टॉप लावतात तो त्यासाठीच.

आपल्याकडे हा निवडीचा विषय नागरिकांचा नाही. भारतात अशी कार्बाईन बाळगणे सर्वसामान्य परवान्यात बसत नाही. पण लष्करात हा बदल डोळ्यांसमोर घडला आहे. इन्सासच्या साध्या प्लॅस्टिक हँडगार्डनंतर २०१९ मध्ये ७२,४०० सिग-७१६ रायफलींचा करार झाला, आणि त्यांच्या हँडगार्डवर एम-लॉकच्या खाचा आहेत. पुण्याच्या पाषाणमधली एआरडीई ही डीआरडीओची प्रयोगशाळा कार्बाईनचे संशोधन करते, आणि तिने आखलेली ५.५६ मिमीची जवळच्या लढाईसाठीची कार्बाईन पुण्याच्याच भारत फोर्जकडे उत्पादनाला गेली. सैनिकाच्या हातमोज्यातल्या पंजाला रेलवर किती जागा मिळते, हा प्रश्न आता आपल्या अभियंत्यांच्याही टेबलावर आहे.

पंधरा इंची रेल घ्यावी अशी माणसे आहेतच. लाकडी अडसराच्या खिडकीतून, छपराच्या कडेवर टेकवून गोळ्या झाडाव्या लागणाऱ्या स्पर्धकाला टेकायला लांब पृष्ठभाग लागतो आणि नळी लाकडाला लागून चालत नाही. दुर्बीण न लावता घडीच्या माशीवर नेम धरणाऱ्याला दोन माशांमधले अंतर जितके जास्त तितके बरे. एम१६ए२ वर ते १९.७५ इंच होते आणि एम४ वर १४.५, आणि हा फरक दोनशे मीटरवर स्पष्ट जाणवतो. अशा माणसाने १५ इंची रेल घ्यावी, पण जाड भिंतीची, लांब जोडाची, आणि शंभरेक ग्रॅम जास्त भरली तरी चालेल अशी. बाकीच्यांनी चिकटपट्टीची खूण मोजावी आणि तिच्यापुढे दोन इंच धरून रेल मागवावी.